दीड मैलावरच्या घंटा

योस्ट केगराइस यांच्याबद्दल आमच्या श्टाइनबाख गावात अजून दोन गोष्टी सांगतात. एक, तेवीस वर्षं लँकेस्टर ते पिट्सबर्ग गाडी हाकून त्यांनी एकदाही घंटा गमावल्या नाहीत. दुसरी, बायको शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा ते गावाबाहेर मैद्याची पिंपं वाचवत बसले होते. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याचं थोबाड मी सराईत चारचौघांदेखत फोडलं होतं. तरी लोक माझ्या पाठीमागे सांगतातच. लोकांना काय, तोंड आहे म्हणून चालवायचं. खरं काय झालं ते माझ्याशिवाय आता कोणाला माहीत नाही. बेव्हीकाकूला अर्धं माहीत होतं, तीही गेली. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाच हात होता, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो.

मीही गाडीवानच. योस्टकाकांहून वीस-बावीस वर्षांनी लहान. आमच्या वेळी त्या रस्त्यावर गाड्यांची नुसती रीघ असायची. निळ्या रंगाची खोलगट गाडी, लाल चाकं, वर पांढऱ्या जाड कापडाचा टप, खाली आसाला लोंबणारं वंगणाच्या डांबराचं मडकं आणि पुढे सहा घोडे. जाताना कापड, काच, मीठ, खिळे न्यायचे, येताना मैदा आणि व्हिस्कीची पिंपं भरून आणायची. काही गाड्यांत माल नसायचा, संसार असायचे. पश्चिमेला जमीन मिळते म्हणून निघालेले लोक. म्हाताऱ्या टपातून मागे वळून बघत बसायच्या. त्यांच्यातलं कोणी परत आलेलं मी तरी पाहिलं नाही. आम्ही मात्र जायचो आणि यायचो, जायचो आणि यायचो. रात्री सराईच्या जमिनीवर शेकोटीकडे पाय करून पडायचं, पहाटे घोड्यांना चारा घालायचा. आता त्या सराईत कोंबड्यांची खुराडी आहेत आणि रेल्वे शिट्टी मारून पुढे निघून जाते.

घंटांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक घोड्याच्या गळपट्ट्यावर लोखंडी कमान असायची आणि तिला घंटा टांगलेल्या असायच्या. पुढच्या जोडीला पाच-पाच बारीक, मधल्या जोडीला चार-चार, चाकाजवळच्या जोडीला तीन-तीन मोठ्या. ज्याची त्याची घंटा ज्याच्या त्याच्या आवाजाची. गाव डोळे मिटून सांगायचं की कोण आला. आणि रस्त्याचा कायदा असा की गाडी रुतली आणि दुसऱ्या गाडीवानाने ओढून बाहेर काढली, की आपल्या घंटा उतरवून त्याला द्यायच्या. सगळ्याच्या सगळ्या. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण देवाच्या आज्ञा मोडणारे गाडीवान मी पाहिले, हा कायदा मोडणारा पाहिला नाही. घंटा घालवून मुक्याने गावात शिरायचं म्हणजे भर बाजारात पॅंट सुटण्यासारखं.

माझी सुटली होती. त्या घटनेआधी तीन वर्षं, जुनिआटा नदीच्या उतारावर. मी रुतलो होतो आणि मागून योस्टकाका आले. त्यांनी आपली पुढची जोडी सोडली, साखळी लावली, माझी गाडी वर काढली. मग घोड्याच्या पाठीवर थोपटत माझ्या घंटा एकेक करून उतरवल्या.

"हेनर," ते म्हणाले, "गावात जरा हळू शिर हं. कोंबड्या घाबरतील. भूत आलं म्हणतील."

त्यांच्या दृष्टीने ती थट्टा होती. मी मात्र ती थट्टा तीन वर्षं उराशी धरून बसलो. पोरं माझी गाडी दिसली की कानाला हात लावून "ऐकू येतंय का रे? नाही बाबा" असं करायची. माझ्या घंटा योस्टकाकांच्या तबेल्यात खुंटीला लटकत होत्या आणि मला ते तबेल्याचं दार बघवायचं नाही. मी नव्या घंटा घेतल्या, पण गावाच्या कानाला त्या परक्याच राहिल्या.

आता फ्रोनिकाकाकूचं. योस्टकाकांची बायको. बोलायला फटकळ, हाताला गोड, आणि घंटांच्या बाबतीत थोडी वेडी. तिला ते वेड लागायला कारण होतं. तिचा बापही गाडीवान. ती अकरा वर्षांची असताना तो डोंगरात गाडीखाली सापडला आणि त्याची गाडी दुसऱ्याच कोणी घरी आणून सोडली. घंटा उतरवलेल्या होत्या. ती अंगणात खेळत होती आणि घोडे तिच्यासमोर येऊन उभे राहिले तरी तिला गाडी आल्याचं कळलं नव्हतं. तेव्हापासून मुकी गाडी तिला सहन व्हायची नाही. लग्नात तिने पाद्र्यासमोर नाही, पण नंतर स्वयंपाकघरात नवऱ्याकडून शब्द घेतला होता.

"मला काही दागिने नकोत," ती म्हणाली होती, "पण माझ्या दारात मुका येऊ नकोस. कधी म्हणजे कधी नाही."

हे योस्टकाका सराईत दोन पेले झाले की सांगायचे. "माझ्या बायकोला नवरा नको, घंटा हव्यात," म्हणून हसायचे. पण गावाच्या वळणावर आले की घोड्यांना मुद्दाम दुडकी चाल धरायला लावायचे. तिकडे ती कॉफी चुलीवर चढवायची. तेवीस वर्षं.

तो मार्च महिना होता. बर्फ वितळत होतं. रेल्वेवाल्यांनी ओढ्याकाठी खणून मातीचे ढीग टाकले होते, त्यामुळे ओढ्याचं पाणी गिरणीखालच्या उतारावर रस्त्यात घुसलं होतं. मी सकाळी गाडी भरून पश्चिमेकडे निघालो. विहिरीपाशी बेव्हीकाकू, केगराइसांची शेजारीण, धावत आडवी आली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून बोलायचीही ओरडून.

"हेनर! योस्ट वाटेत भेटला तर म्हणावं, असशील तसा ये! गाडीबिडी राहू दे! फ्रोनिकाच्या छातीत भरलंय. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघाला तरी खूप!"

"सांगतो," मी म्हटलं.

दीड मैल गेलो असेन. गिरणीच्या छपरावर नुकतं ऊन आलं होतं, म्हणजे दहाचा सुमार. पुढे घंटा वाजत होत्या, पण चालणाऱ्या गाडीसारख्या नाही. एकदम कल्लोळ व्हायचा, थांबायचा. पुन्हा कल्लोळ, पुन्हा शांत. ज्याने गाडी हाकली आहे त्याला तो आवाज लगेच कळतो. कोणीतरी रुतलं होतं आणि घोडे हिसडे देत होते. आणि त्या घंटा कोणाच्या ते मला झोपेतही ओळखता आलं असतं.

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी फ्रोनिकाकाकू माझ्या डोक्यातून साफ उडाली. मला आनंद झाला. उतारावर योस्टकाकांची गाडी डाव्या अंगाला कलली होती, मागचं चाक आसापर्यंत चिखलात, आणि ते स्वतः गुडघाभर राडीत उभे राहून चाकाखाली कुंपणाची लाकडं सारत होते. टोपी पडलेली. पिकलेले केस कपाळाला चिकटलेले. मी माझी गाडी थांबवली, सावकाश उतरलो, सिगार पेटवला आणि म्हणालो,

"काका, घंटा काढायला घ्या. तोवर मी घोडे सोडतो."

बस, एवढंच बोललो. हे वाक्य मी आयुष्यात हजारदा परत गिळलं असेल.

त्यांनी वर पाहिलं. "वाट बघत होतास वाटतं तीन वर्षं?"

"वाट कसली? कायदा आहे."

"मला कोणाची मदत नको. मी माल उतरवतो, गाडी माझी मी काढतो. तू बाजूने जा."

"चार टन माल! एकटे?"

"तुला मोजता येतं म्हणजे. शाळेत गेला होतास तर."

आणि मग मला आठवलं. सिगार फेकला. म्हटलं, "काका, ऐका. बेव्हीकाकूचा निरोप आहे. फ्रोनिकाकाकूचं जास्त झालंय. असाल तसे या म्हणाली. डॉक्टरांनी आशा सोडली आहे."

योस्टकाका सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या घोड्यांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या साखळीकडे पाहिलं. साखळी मी आधीच काढून हातात घेतली होती. आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"लाज वाटत नाही तुला?"

"अहो, देवाशपथ—"

"घंटांसाठी माझ्या बायकोला मरणाला टेकवतोस? आधी घंटा मागितल्यास. त्या मिळत नाहीत म्हटल्यावर निरोप आठवला! तिला खोकला आहे, मला ठाऊक आहे. दर मार्चात असतो. मीच तिला लसणाचं तेल देऊन निघालो होतो."

"मग घंटा नकोत मला! फुकट काढतो गाडी. तुम्ही नुसते जा घरी. मी थांबतो मालापाशी."

"वा! म्हणजे उद्या सराईत सांगशील की केगराइसची गाडी मी काढली आणि घंटांची त्याला भीक घातली. आणि त्या भिकेच्या घंटा मी तिला ऐकवू? दारात उभा राहून?"

"कोणाला सांगणार नाही."

"आत्ता खोटं बोललास, तेव्हा तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

मी साखळी त्यांच्या गाडीच्या दांड्याला लावायला वाकलो. त्यांनी येऊन ती ओढून काढली आणि चिखलात भिरकावली. हातात चाबूक होता. मारला नाही, पण उचलला होता. आणि मी, मूर्ख, भडकलो. त्या माणसाला खांद्यावर टाकून न्यायला हवं होतं. परत फिरून बेव्हीकाकूला आणायला हवं होतं, म्हणजे दीड तासाचं काम. मी काय केलं? साखळी उचलली, गाडीवर चढलो आणि म्हणालो,

"मग मरा इथेच चिखलात!"

आणि बाजूच्या शेतातून गाडी काढून निघून गेलो. बराच वेळ मागून घंटा ऐकू येत होत्या. कल्लोळ, शांत, पुन्हा कल्लोळ. टेकडी ओलांडली तेव्हा थांबल्या.

त्या दिवशी बारा मैल गेलो. रात्री सराईत मुक्काम केला. राग उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. पहाटे उठून गाडी सराईवाल्याच्या हवाली केली, एका घोड्यावर खोगीर टाकलं आणि परत निघालो. गिरणीखालच्या उतारावर रस्त्याच्या कडेला तीस-एक पिंपं ओळीने उभी होती. चिखलात चाकाचा खोल चर आणि त्यात खचलेली कुंपणाची लाकडं. गाडी नव्हती. म्हणजे खरंच एकट्याने काढली होती.

केगराइसांच्या दारात गाडी उभी होती. घोडे साजासकट तसेच, चिखल वाळून पांढरा पडलेला. कमानींवरच्या घंटा मात्र एकूण एक जागेवर होत्या. मी आत शिरलो तर स्वयंपाकघरात दोन-तीन बायका आणि टेबलावर मोठ्या भांड्यात मनुका भिजत घातलेल्या. आमच्याकडे मयताच्या जेवणाला मनुकांचं पक्वान्न करतात, त्यामुळे इतक्या मनुका भिजत पडल्या की काय झालंय ते कोणाला विचारावं लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ जीव गेला त्या घटकेला थांबवलं होतं. चार वाजून वीस मिनिटं.

योस्टकाका बाकावर बसले होते. त्याच कपड्यांत, त्याच बुटांत. हातांची साल गेलेली. कोणीतरी पुढ्यात कॉफी ठेवली होती, तिच्यावर साय धरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडे पाहिलं. मी दाराशीच उभा राहिलो.

"मी पोचलो तेव्हा सहा वाजले होते," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "वळणावर दुडकी धरायला लावली घोड्यांना. दमले होते तरी धरली बिचाऱ्यांनी. कॉफीचा वास आला नाही."

बेव्हीकाकू आतून आली, माझ्या हातात पेला दिला आणि योस्टकाकांशेजारी बसली. भली बाई होती ती, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं, माणूस कोलमडलाय, चार शब्द धीराचे सांगावेत. तिच्या त्या ओरडून बोलण्यात म्हणाली,

"योस्टभाऊ, एक सांगते, म्हणजे मन शांत होईल तुमचं. देवाने तिला अगदी एकटं नाही ठेवलं. काल सकाळपासून तिला तुमच्या घंटा ऐकू येत होत्या!"

योस्टकाकांनी मान वर केली.

"खरंच सांगते. मला बाई काहीच येईना ऐकू, माझे कान हे असे. म्हटलं, तापात बरळतेय. पण ती आपली ठाम. 'बेव्ही, आला तो. ऐक. कॉफी ठेव.' मी ठेवली. परत थोड्या वेळाने, 'ऐक, वाजल्या.' दिवसभर हेच. म्हणे, 'इतका जवळ आलाय, मग थांबलाय का? वाजतात आणि थांबतात. आत का येत नाही तो?' मी म्हटलं, येईल गं, येईल. दुपारी रडायला लागली. म्हणे, 'निघताना मी त्याला टाकून बोलले होते. रागावलाय का माझ्यावर? दार उघडं ठेव, म्हणावं, नाही रागावत मी, ये आत.' मी दार उघडं ठेवलं बघा, एवढ्या थंडीत. जीव गेला तेव्हा कान तिकडेच होते. देवाची दया म्हणायची. ज्याला जे हवं ते तो शेवटी ऐकवतो."

सगळ्या बायकांनी डोळे पुसले. त्यांना ते फार सुंदर वाटलं. त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं की फ्रोनिकाकाकू बरळत नव्हती. दीड मैल. वारा ओढ्याकडून गावाकडे होता. प्रत्येक वेळी घोड्यांनी हिसडा दिला की तिला ऐकू जात होतं.

योस्टकाका उठले. माझ्यापाशी आले. मला वाटलं मारतील, आणि बरं वाटलं असतं.

"हेनर," ते हळूच म्हणाले, "तू खरं सांगत होतास."



ते बाहेर गेले. घोड्यांच्या घंटा एकेक उतरवल्या आणि प्रत्येकीच्या पोटात गवत कोंबलं, आतला लोलक हलू नये इतकं घट्ट. वीसच्या वर घंटा. आम्ही दारातून बघत होतो. मग तबेल्यातल्या खुंटीवरच्या माझ्या जुन्या घंटा काढून आणल्या आणि माझ्या पायाशी ठेवल्या.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. ते जगणं म्हणवत नाही, पण श्वास चालू होता. चौथ्या वर्षी रेल्वे सुरू झाली आणि आमच्या धंद्याचं मातेरं झालं. मी शेतीला लागलो. योस्टकाकांनी घोडे विकले, गाडी अंगणात कुजू दिली. पावसाने टप फाटला, खोलगट तळाशी पाणी साचून बेडूक झाले. स्टेशनावर लोकांच्या ट्रंका उचलायचं काम करायचे. कोणी ओळखलं, "अहो, तुम्ही ते घंटावाले ना?" म्हणालं, की ट्रंक तिथेच ठेवून निघून जायचे.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. मला जायचं नसायचं, पण दुसरा मार्ग नव्हता. आम्ही बसायचो. आणि कधी ना कधी ते विचारायचेच.

"तू मला सांगितलंस तेव्हा किती वाजले होते रे?"

"दहा."

"गिरणीच्या छपरावर ऊन होतं?"

"होतं."

"दीड मैल. धावत गेलो असतो तर वीस मिनिटं. चालत गेलो असतो तर अर्धा तास." मग बोटांवर हिशेब करायचे. "चार वीसला गेली. म्हणजे सहा तास नाही, पण साडेपाच तास तर नक्कीच. साडेपाच तासांत किती बोलता येतं माणसाला?"

"पुष्कळ," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

शेवटच्या आजारात मी त्यांच्यापाशीच होतो. अंगात काही उरलं नव्हतं, उशीवर नुसतं डोकं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तू मला सांगितलंस तेव्हा किती वाजले होते? मला वाटलं, आता तरी या माणसाला सोडवावं. मरणाऱ्याला एक खोटं सांगितलं तर देव काही मोजत बसणार नाही.

"काका," मी म्हटलं, "मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आलो. नीट आठवून पाहिलं. तेव्हा दुपार कलली होती. चारचा सुमार असेल. तुम्ही धावत गेला असता तरी पोचला नसता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले, मी वाकलो.

"हेनर, तेव्हा खरं बोललास, ते मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आता खोटं बोलतोस, तेही ऐकवत नाही रे."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पहाटे गेले.

त्यांच्या घंटा माझ्याकडे आहेत. पोरं म्हणतात, आजोबा, टांगा ना, किती छान वाजतील. मी गवत काढलेलं नाही.